शुद्धिपत्र

शंभरातले नव्वद निकाल छापले जातच नाहीत.
सुतळीत बांधून बस्त्यात जातात,
आणि बस्ते कुठे जातात ते उंदरांना विचारा.
उरलेले दहा
उच्च न्यायालयातून सायकलवर आमच्याकडे यायचे,
इंदूरला, जेल रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
शिक्क्याची जांभळी शाई अजून बोटाला लागेल असे.

टोणगावकर वकील संपादक. निळी पेन्सिल त्यांची.
"चांदोरकर, यात कायदा आहे," म्हणायचे,
शेंग वाजवून दाणा ओळखावा तसं.
मग मी टरफलं काढायचो:
कोण रडलं, कुणाची म्हैस, किती तारखा पडल्या,
ते सगळं खाली, बारीक टाइपात.
वर, ठळक, तीन ओळींची टिपणी.
वकील तेवढीच वाचतात.

चौऱ्याहत्तर साल. जुन्या इंदुरातला शिंपी, घीसालाल नामदेव.
चाळीस वर्षं त्याचं मशीन एका खिडकीशी.
शेजारच्या कस्तूरचंदांनी गोदाम चढवलं
आणि खिडकीत भिंत आली.
खाली जिंकला, अपिलात हरला.
उजेड कमी होणं पुरेसं नाही, न्यायमूर्तींनी लिहिलं,
काम अशक्य व्हावं लागतं,
आणि वादी तर अजून शिवतो आहे,
दिवा लावून का होईना.

यात कायदा होता.

आमचं मासिक हिंदीत. माझं डोकं मराठीत.
त्या रात्री वीज गेलेली, प्रूफ कंदिलाशी धरलेलं.
करीमभाईंनी खिळे जुळवले, मी तपासले, सही केली,
आणि "पर्याप्त नहीं है" मधला "नहीं"
कुठे पडला, फरशीवर की माझ्या डोळ्यांत,
कळलंच नाही.
खंड तेरा, पान दोनशे सतरा:
प्रकाश में कमी होना पर्याप्त है।

महिनाभर मग
धारला, रतलामला, शाजापूरला,
वकिलांच्या काचेच्या कपाटांत
घीसालालची खिडकी उघडी होती.
शाजापुरात कुणी ती वाचून दाखवून
मनाईहुकूमही मिळवला, म्हणे.

टोणगावकर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.
चिठ्ठी छापली, बोटाएवढी, गुलाबी:
दूसरी पंक्ति में "पर्याप्त" के बाद "नहीं" पढ़ें।
पाचशे चिठ्ठ्या, खळीचा डबा आणि मी.

तिसऱ्या दिवशी जिना चढून तो आला,
गळ्यात टेप तसाच.
"बाबूजी, सुना है किताब में हम जीत गए।"
सात रुपये मोजले, सुट्टे, दोनदा.
वाचता येत नव्हतं. "पढ़ दो," म्हणाला.
समोर दोन गठ्ठे,
चिठ्ठी लावलेला आणि न लावलेला.
मी न लावलेल्यातली प्रत उचलली.
वाचलं, सावकाश, छापलं होतं तसं.
"फिर से।"
पुन्हा वाचताना तो शब्द जिभेवर आला, तिथेच थांबला.
माझा चेहरा बघून तो हसला.
"मालूम है बाबूजी, हारे हैं। मैं वहीं खड़ा था।
पर छपा तो है ना?"
छपा है, म्हटलं.
सवयीनं त्यानं पानाला टेप लावला, लांबी, रुंदी,
कापडाच्या चिंधीत प्रत गुंडाळली
आणि विचारलं, कागद किती वर्षं टिकतो.

आमची खळ पातळ. चिठ्ठ्या सुटल्या.
आजही ग्रंथालयात तेरावा खंड काढा,
कुठे गुलाबी चौकोन, कुठे नुसता डाग.
परवा एक पोरगा, नवा काळा कोट,
बोट ठेवून उभा:
काका, हे आहे की नाही?